ठेवू की मोडू

धाकट्याला तो फोन आला तेव्हा तो छापखान्याच्या जिन्यात उभा होता. साप्ताहिक बंद झाल्याचं संपादकांनी नुकतंच सांगितलं होतं आणि आता घरी जाऊन हे कोणत्या तोंडाने सांगायचं, याचा विचार करत तो कठड्याला टेकला होता. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "सर, तुमचं गाड्यांवरचं सदर मी दर आठवड्याला वाचते. आम्ही परदेशातला एक मोटारींचा कार्यक्रम आपल्याकडे आणतोय. परीक्षक म्हणून तुमच्याशिवाय दुसरं नाव माझ्या डोळ्यासमोर नाही."

घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. पंचेचाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी थोरला भाऊ धडधाकट असल्यामुळे त्याचं धाकटेपण सुटलं नव्हतं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल लिहिलं होतं. कंपनीवाले दोन दिवसांसाठी किल्ली देत, हा गाडी चालवून बघे, चार चांगले आणि चार कडू शब्द लिही आणि किल्ली परत करून बसने घरी येई. टीव्हीचं आमंत्रण म्हणजे त्याला स्वप्नच वाटलं. त्याने लगेच होकार दिला, आणि नंतर उगाच विचार करायला एक दिवस मागून घेतला.

कार्यक्रमाचं इथलं नाव 'ठेवू की मोडू'. साचा सोपा होता. एक माणूस आपली जुनी गाडी घेऊन येणार. एक विनोदवीर निवेदक आणि एक जाणता परीक्षक मिळून ती मैदानावर पिदडणार. चढावर चढवणार, पाण्यातून काढणार, भरवेगात करकचून ब्रेक दाबून बघणार. मग परीक्षक निकाल देणार. 'ठेवू' म्हणाला तर गाडीची फुकट डागडुजी. 'मोडू' म्हणाला तर मालकाने स्वतःच्या हाताने एक लाल बटण दाबायचं, की मागचं भलंमोठं यंत्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गाडी चेपून तिचा ठोकळा करणार. त्यानंतर पडदा सरकायचा आणि नवीकोरी गाडी दिसायची.

मूळ कार्यक्रमाचे भाग धाकट्याने बसून पाहिले. तिकडचे मालक बटण दाबताना खिदळत, नाचत, ठोकळ्यावर पाय ठेवून फोटो काढत. इकडे पहिल्याच भागात एक पाववाला आपली डबडी व्हॅन घेऊन आला. त्याने बटण दाबलं, आणि नव्या गाडीकडे ढुंकूनही न बघता तो त्या ठोकळ्याजवळ जाऊन बसला. हाताने चाचपत राहिला. 'हे इथे दार होतं,' असं काहीतरी पुटपुटला आणि ढसाढसा रडला. संपूर्ण युनिट अवघडून गेलं. फक्त निर्माती, फोनवरची तीच गोड आवाजाची बाई, मॉनिटरसमोरून हलली नाही. तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला. तेव्हापासून मालक निवडताना निर्माती गाडीबद्दल कमी आणि माणसाबद्दल जास्त विचारू लागली. गाडीत कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाला दवाखान्यात नेलं.

मूळ कार्यक्रम ज्यांचा होता त्या परदेशी कंपनीची एक प्रतिनिधी बाई अधूनमधून येई. तिच्या हातात नियमांचं जाडजूड बाड असे, म्हणून युनिट तिला पोथीवाली म्हणायचं. ती फार कशात पडत नसे. बटण मालकानेच दाबायचं आणि निकालाच्या आधी संगीत थांबायचं, एवढ्या दोन गोष्टींवर मात्र ती अडून बसे.

रडण्याचीही सवय होते. काही आठवड्यांनी लोक त्या रडण्याला कंटाळले. आकडे घसरले, चॅनेलची कुरबुर सुरू झाली. एका बैठकीत निर्माती म्हणाली, "आता कोणाची गाडी आणायची तेच कळत नाही. असं काहीतरी हवं की बघणाऱ्याच्या काळजाला हात घातला पाहिजे."

आणि धाकटा बोलून गेला, "आमच्या वडिलांची गाडी आहे. दादाकडे."

नंतर त्याने स्वतःला कितीतरी वेळा विचारलं, की कोणी मागितलं नसताना आपण ते का बोललो. निर्मातीने वळून त्याच्याकडे पाहिलं होतं आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर त्याच्याबद्दल खरं कुतूहल दिसलं होतं. कदाचित तेवढ्यासाठीच.

ती गाडी म्हणजे फिकट राखाडी रंगाची, छोटी, चौकोनी तोंडाची. वडिलांनी तिच्यावर ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं. शिकवणाऱ्याच्या पायाशीही वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच बसवून घेतला होता. अर्धं गाव त्या गाडीत गिअर टाकायला शिकलं. वडील थकले तेव्हा शिकवणाऱ्याच्या जागेवर थोरला बसू लागला आणि ते गेल्यावर स्कूलही त्यानेच चालवलं. धाकटा लहानपणी कायम मागच्या सीटवर असायचा. वडिलांनी परक्यांना शिकवलं, थोरल्याला शिकवलं, आणि धाकट्याची पाळी येईस्तोवर त्यांचे गुडघे गेले. त्याला थोरल्याने शिकवलं. छान शिकवलं, एकदाही आवाज चढवला नाही. तरी वडिलांच्या शेजारी बसून एकदाही गाडी चालवायला मिळाली नाही, हे धाकट्याच्या मनातून कधी गेलं नव्हतं.

रविवारी तो थोरल्याकडे गेला. रस्त्याला लागून एक खोली, तिच्यात एक फळा, त्यावर गिअरची आकृती. टेबलावर ओव्हरटेक कसं करायचं ते दाखवायला खेळण्यातल्या गाड्या. थोरला अंगाने दांडगा, बोलायला संथ. शिकाऊ माणूस चौकात गाडी बंद पाडून घामाघूम झाला, मागचे हॉर्न बडवायला लागले, तरी हा शेजारी मांडीवर हात ठेवून म्हणे, "वाजवू दे त्यांना. त्यांचे हात मोकळे आहेत, आपले नाहीत. चल, पुन्हा क्लच दाब." धाकट्याचं सदर तो कापून भिंतीवर चिकटवायचा आणि नव्या विद्यार्थ्याला फी भरायच्या आधी ते वाचायला लावायचा.

सगळं ऐकून घेतल्यावर थोरला खूश झाला. "म्हणजे आपलं स्कूल टीव्हीवर दिसणार?"

"नाव, पत्ता, पाटी, सगळं दिसणार."

वहिनी दारात कपडे वाळत घालत होती. प्रवेश, वेळापत्रक, उधारीवाल्यांच्या मागे लागणं, स्कूलची ती सगळी बाजू तिच्याकडे होती आणि माणूस तिला पटकन कळायचा. ती आत येऊन म्हणाली, "भावजी, त्या कार्यक्रमात गाड्या मोडतात ना? आम्ही बघतो की."

"ज्या मोडायच्या लायकीच्या असतात त्या मोडतात, वहिनी. निकाल मीच देतो. माझ्या हातात आहे सगळं."

"तुमच्या हातात आहे ना? मग झालं," वहिनी म्हणाली. पण उरलेले कपडे घेऊन बाहेर जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं.

थोरल्याने लग्नघर असल्यासारखी तयारी केली. गाडीचं तेल बदललं, चाकं बदलली, सीटची उसवलेली शिवण शिवून घेतली. बुटक्या विद्यार्थ्यांसाठी चालकाच्या जागेवर एक जाड उशी असायची, तिला वहिनीने नवा अभ्रा घातला.

चित्रीकरणाच्या दिवशी गाडी अशी चालली की मैदानावरची माणसं कामं सोडून बघत उभी राहिली. चढ तिने एका दमात काढला. पाण्यातून निघाली आणि ठसकाही लागला नाही. ब्रेकच्या तपासणीला निवेदक स्टिअरिंगवर आणि थोरला शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागेवर. निवेदकाने वेग वाढवला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून विनोद सांगायला लागला. थोरल्याचा पाय सवयीने त्याच्या बाजूच्या ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी उभी, निवेदकाचं कपाळ काचेवर. थोरला शांतपणे म्हणाला, "बोलताना पुढे बघायचं, साहेब." सगळं युनिट हसलं. निवेदकही कपाळ चोळत हसला. धाकट्याचा ऊर भरून आला. आज 'ठेवू' म्हणायचं, दादाच्या खांद्यावर हात टाकायचा आणि स्कूलच्या पाटीकडे कॅमेरा वळवायला सांगायचा, असं त्याने मनात ठरवून टाकलं.

निकालाच्या आधी निर्माती त्याला मेकअप रूममध्ये भेटली. तिने दार लोटलं आणि आरशातूनच त्याच्याशी बोलली.

"सर, तुम्ही 'ठेवू' म्हणालात तर काय होईल? दादा हसतील, आभार मानतील, गाडी घेऊन घरी जातील. बघणारा काय म्हणेल? सख्ख्या भावाची गाडी, पास करणारच."

"गाडीत दोष नाही हो. तुम्हीही पाहिलंत."

"दोष काढणं हे तुमचं काम. आयुष्यभर तेच केलंत, आणि फार सुंदर केलंत." तिने त्याच्या कॉलरवरची पावडर झटकली. "मी जबरदस्ती करत नाही. फक्त एवढंच सांगते, हा भाग चालला नाही तर पुढचा नाही. चॅनेलने तसं कळवलंय. मी दुसरीकडे जाईन, मला कामं मिळतात. तुमचं साप्ताहिक सुरू झालं का परत?"

धाकट्याने आरशातली नजर खाली वळवली. तिने ते उत्तर समजून घेतलं.

मैदानावर संगीत थांबलं. थोरला हात मागे बांधून उभा होता, प्रगतिपुस्तकाची वाट बघणाऱ्या मुलासारखा. वहिनी प्रेक्षकांत पहिल्या रांगेत. धाकट्याला वाटत होतं, तोंड उघडेपर्यंत आपल्याला काय म्हणायचंय ते कळणार नाही. पण शब्द तयार होते, इतके गुळगुळीत की जणू सदरासाठी लिहून ठेवलेले. "ही गाडी वरून ठणठणीत दिसते. पण मी हिचा सांगाडा पाहिलाय. गाडी चालवायला शिकणाऱ्या कोवळ्या मुलांचा जीव मी या सांगाड्यावर सोपवणार नाही. तुझी असली तरी नाही, दादा." मग एक श्वास घेऊन तो म्हणाला, "मोडू."

प्रेक्षकांतून हाय निघाली. थोरल्याने मान किंचित पुढे केली, नीट ऐकू न आल्यासारखी.

"मी दाबायचं?" त्याने विचारलं.

"हो, दादा."

"बरं. एक मिनिट." तो गाडीपाशी गेला, चालकाच्या जागेवरची उशी काढली आणि पहिल्या रांगेत जाऊन वहिनीच्या हातात दिली. मग परत आला, बटण कोणतं ते एकदा विचारून घेतलं, आणि दाबलं.

यंत्राचा आवाज टीव्हीवर ऐकू येतो त्याहून खूप मोठा असतो. आधी काचा गेल्या, मग टप. थोरला पापणी न लववता बघत राहिला. रडला नाही, ओरडला नाही, धाकट्याकडे पाहिलंही नाही. मॉनिटरपाशी दिग्दर्शक वैतागला, "चेहरा कोरा आहे. काहीच देत नाहीये हा माणूस."

धाकट्याला ते बघवलं नाही. तो पडद्यामागे गेला, एका लोखंडी खांबाला धरून उभा राहिला आणि त्याला हुंदका आवरेना. किती वेळ तो तसा रडला कोण जाणे. डोळे पुसून वळला तर मागे फ्लोअर मॅनेजर उभा. त्याने हळूच वॉकीटॉकीत काहीतरी सांगितलं. मग निर्माती स्वतः आली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सर, हे फार खरं आहे. फक्त इथे उजेड नाही. तिकडे, ठोकळ्यापाशी एकदा."

तो गेला. ठोकळ्यापाशी उभा राहिला, दिवा तोंडावर घेतला, आणि पुन्हा रडला. ग्लिसरीन लागलं नाही. पहिलं रडणं कॅमेऱ्याने पाहिलंच नव्हतं. लोकांनी पाहिलं ते हे दुसरं, सांगून आलेलं.

मग पडदा सरकला. प्रायोजकांची झगझगीत नवी गाडी होती, ऑटोमॅटिक. थोरला वाकून आत बघत म्हणाला, "यात क्लच कुठाय?" लोक हसले. हा विनोद म्हणून भागात ठेवला गेला. तिच्यावर कोणाला शिकवता येणार नव्हतं आणि करारानुसार ती इतक्यात विकताही येणार नव्हती. हे थोरल्याने तिथे कोणाला बोलून दाखवलं नाही.

तो भाग धो धो चालला. रडणारा परीक्षक घरोघरी पोचला. पेट्रोल पंपावर अनोळखी माणसं त्याचा खांदा दाबत, 'मन घट्ट करा' म्हणत. एका बाईने त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, "भाऊ असावा तर असा. कर्तव्यापुढे रक्ताचं नातं बघितलं नाहीत, आणि मन मात्र लोण्यासारखं." थोरल्याबद्दल लोक वेगळं बोलत. बापाची गाडी डोळ्यांसमोर चेपली आणि पठ्ठ्याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, नव्या गाडीवर डोळा असणार. धाकट्याने हे ऐकलं की तो विषय बदलायचा. तसं काही नाही, एवढं म्हणायला फार कष्ट नव्हते. तेवढेही त्याने घेतले नाहीत.

काही आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. "भावजी, नवीन मुलं येईनात. होती ती पण सोडून चाललीत. सांगाड्याचं तुम्ही बोललात ना, ते सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. दुसरी जुनी गाडी आम्ही बघू कशीही, पण तुम्ही एकदा टीव्हीवर सांगा, की स्कूल चांगलं आहे."

"बघतो, वहिनी. बोलतो मी त्यांच्याशी."

तो बोलला. निर्माती म्हणाली, दिलेला निकाल फिरवला तर कार्यक्रमावर कोण विश्वास ठेवेल? आणि करारात तर स्पष्टच आहे, निकालाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. मग ती खुर्चीत पुढे सरकली. "त्यापेक्षा दोघा भावांच्या भेटीचा एक खास भाग करू या? तुम्ही अचानक त्यांच्या दारात. कॅमेरा गल्लीच्या टोकापासून तुमच्या मागे." धाकटा नाही म्हणाला. त्या नकाराचं त्याला पुढे पुष्कळ दिवस कौतुक वाटत राहिलं.

शेवटी तो एकटाच गेला. बक्षिसाची गाडी गल्लीत आच्छादनाखाली उभी होती, चाकांपाशी पालापाचोळा साठला होता. खोलीत थोरला एकटा बाकावर बसला होता. फळा कोरा होता. त्याने धाकट्याला बघून जागा करून दिली, घरच्यांची चौकशी केली, टीव्हीवर वजन वाढल्यासारखं दिसतं म्हणाला. मग म्हणाला, "बरं झालं आलास. एक विचारायचं होतं. तू कामात असतोस म्हणून फोन नाही केला."

"विचार की, दादा."

"सांगाड्याला नेमकं कुठे झालं होतं रे?"

धाकट्याने टेबलावरची खेळण्यातली एक गाडी उचलून हातात घेतली.

"मी दर महिन्याला खाली शिरून बघायचो," थोरला सांगू लागला. "बॅटरी घेऊन. मला कधी दिसलं नाही. आता नजर पहिल्यासारखी नाही, ते कबूल. पण इतकं कसं सुटलं माझ्या हातून? झोप लागत नाही मला. एवढी पोरं त्या गाडीत बसवली. काही बायका तर पोटुशा असताना शिकायला यायच्या. काही झालं असतं म्हणजे? मग मी ठरवलं, ज्यांची ज्यांची घरं आठवतात तिथे जायचं. गेलो. सगळीकडे सांगून आलो, की माझं चुकलं, मला माफ करा. काही जण चांगलं बोलले. काहींनी दारातूनच वाटेला लावलं. बरोबर आहे त्यांचं."

स्कूल धाकट्याच्या वाक्याने अर्धं बुडालं होतं. उरलेलं अर्धं थोरल्याने स्वतः घरोघरी जाऊन, हात जोडून बुडवलं होतं. कारण धाकट्याच्या शब्दावर त्याचा विश्वास होता. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त.

एखादी जागा सांगून टाकावी, असं धाकट्याला क्षणभर वाटलं. मागच्या चाकाच्या वर, आतून गंज होता, बाहेरून दिसलाच नसता. थोरल्याने मान डोलावली असती. पण त्या चेहऱ्याकडे बघून त्याला ते जमेना.

"काही झालं नव्हतं, दादा."

"म्हणजे?"

"गाडीला काही झालं नव्हतं. सगळ्या तपासण्यांत पास होती. आजवर आलेल्या सगळ्या गाड्यांत चांगली होती."

"मग तू तसं का बोललास?"

"कार्यक्रमाला तसं हवं होतं. नाहीतर बंद पडला असता."

थोरला आपल्या तळहातांकडे बघू लागला. वहिनी चहाचे कप घेऊन आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने कप टेबलावर, खेळण्यातल्या गाड्यांच्या मध्ये ठेवले आणि सावकाश म्हणाली, "भावजी, हे ज्या ज्या घरी पाया पडून आले, तिथे आता तुम्ही जा. मी येते सोबत घरं दाखवायला. आत्ता चला."

"वहिनी, करार आहे. मला बाहेर बोलता येत नाही. त्यांनी दावा लावला तर मी कुठला उभा राहू?"

"आणि आम्ही कुठले उभे आहोत?"

"राहू दे," थोरला तिला म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, शिकाऊ माणसाशी बोलताना असायचा तसा. "त्यांना उशीर होत असेल. जाऊ दे त्यांना."

'त्यांना.' धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. थोरला उठून फळ्यापाशी गेला होता आणि कोरा फळा फडक्याने पुसत होता. सख्ख्या भावाला अहो-जाहो करताना त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर धाकट्याने काहीतरी उत्तर दिलं असतं.

त्या वर्षी परदेशी कंपनीने आपल्या सगळ्या देशांतल्या आवृत्त्यांमधून 'ठेवू की मोडू'ला सर्वोत्तम ठरवलं. निर्माती आणि धाकटा बक्षीस घ्यायला गेले. एका उंच छताच्या सभागृहात दुपारचं जेवण होतं. पांढऱ्या चादरींची गोल टेबलं, प्रत्येकासमोर नावाची चिठ्ठी. धाकट्याच्या शेजारी मूळ कार्यक्रमाचा म्हातारा निवेदक येऊन बसला. ज्याचे भाग बघून धाकटा शिकला होता, तोच हा. त्याने धाकट्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

"तुमचा भावाचा भाग मी पाहिला," म्हातारा म्हणाला. "तुम्ही रडलात ते ठीकच, पण तो भावाचं काम करणारा नट कुठे मिळाला तुम्हाला? काय ताकदीचा माणूस. काही न करता उभा राहतो, आणि नजर हटत नाही त्याच्यावरून."

"तो नट नाही. माझा भाऊ आहे."

म्हातारा हसला. मग धाकट्याचं तोंड बघून त्याचं हसू मावळत गेलं. "आणि गाडी?"

"आमच्या वडिलांची होती."

म्हाताऱ्याने काटा-चमचा ताटात ठेवला. "आम्ही भंगारातून आणायचो," तो म्हणाला. "रंग मारून उभ्या करायचो. मालक म्हणून नाटकातली माणसं यायची. म्हणून तर नाचायची ती. खरी गाडी? चालती गाडी? माणसाला असं कोण करेल?" मग तो थोडा वेळ पाणी पीत बसला, आणि पलीकडच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलायला वळला तो जेवण संपेपर्यंत पुन्हा इकडे वळला नाही.

समोरच पोथीवाली बसली होती. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, तर तिने नजर खाली घातली. "मी तुमच्या निर्मातीला सुरुवातीलाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "ती म्हणाली, आमच्याकडे खरे लोक मिळतात, आणि त्यांना मानधनही द्यावं लागत नाही. नियमात ते बसत होतं."

निर्माती दोन खुर्च्या सोडून होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि ती जराही ओशाळली नाही. "सर, तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, एवढे भाग बघितलेत, तुमच्या लक्षात आलं असेल." मग ती जवळ वाकून, समजूत घालावी तशी म्हणाली, "त्यांची माणसं खोटी होती म्हणून ते आपल्याला बक्षीस देतायत. आपली खरी होती."

थोड्या वेळाने नाव पुकारलं गेलं. धाकटा मंचावर गेला. काचेचं ते जड बक्षीस दोघांनी मिळून धरलं. फोटोत तो हसताना दिसतो, आणि चांगला दिसतो.

परत आल्यावर त्याने दुसऱ्या सीझनच्या करारावर सही केली. सही करण्याआधी त्याने एक अट घालायचं ठरवलं होतं, की यापुढे गाड्या भंगारातल्या आणा. ती अट त्याने मांडलीसुद्धा. निर्माती म्हणाली, नक्की विचार करू. पहिल्या भागाला एक निवृत्त परिचारिका आपली गाडी घेऊन आली. तिच्या नवऱ्याने मरायच्या आधी तिला घेऊन दिलेली. धाकट्याने निकाल दिला. आता कोणाला त्याच्या कानात सांगावं लागत नव्हतं.

चित्रीकरण आटोपून तो मैदानाबाहेर आला. गाडीत बसून बराच वेळ त्याने किल्ली फिरवली नाही. मग फोन काढून थोरल्याच्या घरी लावला. वहिनीने उचलला.

"दादा आहे का?"

"कामावर गेलेत."

"स्कूल सुरू झालं परत?"

"आपलं कुठलं? स्टेशनापलीकडे एक मोठं स्कूल आहे, तिथे शिकवायला जातात. पगारावर." मागे कुकरची शिट्टी झाली, ती थांबेपर्यंत वहिनी थांबली. "तिथे एकाने ओळखलं त्यांना. टीव्हीवरच्या परीक्षकाचे भाऊ ना तुम्ही, म्हणाला. हे म्हणाले, नाही, चेहऱ्यात साम्य असेल."

धाकट्याने किल्ली अर्धी फिरवली आणि सोडून दिली.

"काही काम होतं का?" वहिनीने विचारलं.

"नाही. सहज केला होता."

"बरं," ती म्हणाली, आणि त्याने फोन ठेवण्याची वाट बघत राहिली.